इन्चार्ज सिस्टर आणि तुम्ही: नव्या स्टाफ नर्ससाठी पहिल्या सहा महिन्यांचा वाटाड्या

नोकरीची ऑर्डर कुणाच्याही सहीने निघो, तुमची महालक्ष्म्यांची सुट्टी इन्चार्ज सिस्टरच्या पेन्सिलीत असते. जीएनएम डिप्लोमाची तीन वर्षं घालवा नाहीतर बीएस्सी नर्सिंगची चार, ही गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. ॲनाटॉमीचा पेपर असतो, मानसशास्त्राचा असतो. वॉर्डाच्या दारात "काय करायलीस गं तिथं उभी राहून?" असं विचारणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं, याचा पेपर नसतो.

मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यांत आधी स्टाफ म्हणून काम केलं, मग इन्चार्ज म्हणून. म्हणजे हे वाक्य ऐकलंही आहे आणि ऐकवलंही आहे. दोन्हीकडून बघून माझं मत असं झालंय की इन्चार्जला तुम्ही आवडायलाच हव्यात असं काही नाही. तुम्ही "दिलं" म्हणालात की दिलेलं असतं आणि "राहिलं" म्हणालात की राहिलेलं असतं, एवढा तिचा भरवसा बसला पाहिजे. चहा पाजून, मागे-मागे करून, वाढदिवसाला केक आणून तो बसत नाही. कसा बसतो ते पुढे सांगते.

साहेब कोण, ते आधी ओळखा

सरकारी दवाखान्यात कागदावरची उतरंड अशी. तुम्ही अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. तुमच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज. तिच्यावर सहायक अधिसेविका आणि सगळ्यांवर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. बोलताना हे शब्द कुणीच वापरत नाही, पण अर्जावर तेच लिहावे लागतात. संभाजीनगरच्या घाटीत, नांदेडला विष्णुपुरीत, लातूर-अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजांत ही उतरंड पूर्ण दिसते. तालुक्याच्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात ती आखडते. तिथं इन्चार्ज सिस्टर आणि तिच्यावर थेट वैद्यकीय अधीक्षक, मध्ये फारसं कुणी नाही.

खासगीत तऱ्हा वेगळी. मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिटेंडंट असतात आणि पगार-रजेला एचआर. छोट्या नर्सिंग होममध्ये "मोठ्या मॅडम" असतात. त्या बहुतेक डॉक्टरांच्या पत्नी. कधी स्वतः गायनॅकच्या, कधी फक्त हिशेब बघणाऱ्या. तिथं औषधोपचाराचा प्रश्न कुणाला विचारायचा आणि रजेचा कुणाला, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. नाहीतर दोघांच्या मध्ये तुमचं भरीत होतं.

रुजू होताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची आणि मार्कमेमोंची झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे. "राहू द्या इथंच, जपून ठेवतो" म्हणाले तर हसून "घरी लागतात" म्हणायचं. हेपटायटिस बीचे तीन डोस (पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात) झाले नसतील तर त्याच आठवड्यात पहिला घ्या. आणि इन्चार्जला तीन प्रश्न विचारा: रात्री अडलं तर पहिला फोन कुणाला करायचा, माझा रजेचा अर्ज कुणाकडे जातो, आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? तिसरा प्रश्न फालतू वाटेल. तो फालतू नाही. एका वॉर्डात "सिस्टर" चालतं, दुसऱ्या वॉर्डात "मॅडम"च लागतं. लातूर-उदगीरकडे एखाद्या जुन्या इन्चार्जला सगळा वॉर्ड "अक्का" म्हणतो. पण तुम्ही पहिल्याच दिवशी अक्का म्हणायला जाऊ नका.

तिच्या डोक्यावर काय आहे, ते बघा

नव्या पोरींना वाटतं, इन्चार्ज खुर्चीत बसून रजिस्टरं भरते. जरा त्या रजिस्टरांत डोकावा. औषधांचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र, सलाईनचा हिशेब, सेन्सस म्हणजे रोजची पेशंटसंख्या, धुलाईला गेलेल्या आणि परत न आलेल्या चादरी, बंद पडलेलं सक्शन मशीन, उद्याचा राउंड, मधूनच सरकारच्या कायाकल्प योजनेची स्वच्छता-तपासणी. आणि डेड स्टॉक. वॉर्डातली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्या नावावर असते. बदली झाली किंवा रिटायर व्हायची वेळ आली की एकेक कात्री मोजून द्यावी लागते. तुम्ही ड्रेसिंग ट्रॉलीवरची आर्टरी फोर्सेप्स शेजारच्या वॉर्डाला "पाच मिनिटांसाठी" दिली आणि ती आली नाही, तर तुमच्यासाठी ती एक वस्तू असते. तिला ती पाच वर्षांनी शोधावी लागते.

म्हणून वस्तू बाहेर द्यायची तर वहीत लिहून द्यायची: कुणाला, किती वाजता. हे एक काम पहिल्या आठवड्यापासून न सांगता करा. इन्चार्ज तोंडाने काही म्हणणार नाही, पण तिच्या लक्षात येईल.

त्याच आठवड्यात क्रॅश ट्रॉलीत, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत, काय कुठल्या कप्प्यात आहे, जादा ऑक्सिजन सिलिंडर कुठे, कुलपाच्या कपाटाची चावी कुणाकडे, हे खिशातल्या छोट्या वहीत उतरवा. शक्यतो चित्र काढून. मावशी आणि मामांची, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांची, नावं पाठ करा आणि त्यांना नावानं किंवा मावशी-मामा म्हणूनच हाक मारा. वीस वर्षं त्याच वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशीचं इन्चार्जजवळ वजन असतं. "नवी पोरगी बरी आहे, पेशंटला हात लावायला लाजत नाही," हे वाक्य मेट्रनच्या ऑफिसातून येत नाही, मावशीच्या तोंडून येतं.

ओव्हर: खरी परीक्षा इथं

ओव्हर देताना-घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या नर्सच्या हवाली करताना, जी दहा मिनिटं जातात, त्यात इन्चार्ज तुम्हाला ओळखते. नवीन नर्स ओव्हर देताना दोन चुका करते. एकतर सगळं सांगते, नाहीतर "बाकी सगळे ठीक आहेत" म्हणते. हे दुसरं वाक्य माझ्या वॉर्डात बंद होतं. ठीक म्हणजे कोण? कशावरून?

ओव्हर बेडजवळ उभं राहून द्या आणि चार गोष्टी क्रमाने सांगा: पेशंट कोण नि का आला, आतापर्यंत काय झालं, आत्ता मला काय दिसतंय, पुढे काय करायचं राहिलंय. परदेशात याला एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत दवाखान्यांत आली. आपल्या बोलण्यात ती अशी येते:

"बेड नंबर चौदा, वय पंचावन्न, काल संध्याकाळी उलटी-जुलाबाला ॲडमिट. शुगर आहे. रात्रीतून दोन आरएल सलाईन गेल्या. पहाटे चारपासून लघवी नाही. सहाला बीपी नव्वद बाय साठ होता. सव्वासहाला डॉक्टरांना कळवलं, त्यांनी पाचशे मिली फास्ट द्यायला सांगितलं, ते चालू आहे. आठला बीपी परत बघायचा, तोवर लघवी झाली नाही तर परत कळवायचं."

पाऊण मिनिट लागतं. यात "जरा सिरियस वाटतोय" हा शब्द कुठेच नाही. आकडा आहे, वेळ आहे, आणि पुढचीला नेमकं काय करायचं ते आहे.

घेणारीनेही नुसतं ऐकू नये. सलाईनच्या बाटलीकडे बघा, इंट्राकॅथची (शिरेतल्या नळीची) जागा सुजलीय का ते बोटानं चाचपा, युरोबॅग (लघवीची पिशवी) बघा. "हे मला असंच मिळालं" हे दुपारी दोनला सांगून उपयोग नसतो, ते सकाळी आठलाच सांगायचं असतं.

न घेतलेला ताप

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. दवाखाना कुठला ते राहू द्या. रात्रपाळी, चाळीसच्या वर पेशंट आणि आम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तीन वाजता जरा उसंत मिळाली, तर मी सकाळी सहाचा टीपीआर (ताप, नाडी, श्वासाची नोंद) आधीच भरून टाकला. सगळ्यांचा ताप नॉर्मल, नाडी ऐंशी, श्वास वीस. पुढे पाच वाजता तेवीस नंबरच्या बाबांचा बीपी पडला, डॉक्टर आले, बाबांना आयसीयूत हलवलं. धावपळीत केस पेपर सोबत गेला.

सकाळी नऊला मला होस्टेलवरून बोलावून घेतलं. इन्चार्जच्या हातात तोच कागद होता. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सहा वाजता या बाबाचा ताप तू कुठं बघितलास, इथं का तिथं?"

मला आजही त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्यांनी वर कळवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण पुढचे तीन महिने त्या माझ्या ड्युटीनंतर प्रत्येक चार्ट घेऊन पेशंटच्या कपाळाला हात लावून बघायच्या. सगळ्या वॉर्डासमोर. रकाना कोरा ठेवून "मॅडम, सहाचा टीपीआर राहिला, तेवीस नंबरमध्ये अडकलो होतो" म्हटलं असतं, तर दोन वाक्यं ऐकून सुटले असते.

तेव्हा वेळ मिळाला नाही तर रकाना कोरा ठेवा आणि ओव्हरला तोंडाने सांगा. दिलेल्या औषधावर सही दिल्यानंतरच करा, आधी नाही. लिहिताना चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा. व्हाइटनर लावू नका, गिरवू नका.

विचारायचं कसं

"येत नाही" म्हणायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण इन्चार्जला "येत नाही"चा राग येत नाही. तिसऱ्यांदा तेच विचारलं की येतो. म्हणून विचारलेलं लगेच वहीत लिहा. आणि विचारताना अर्धं उत्तर घेऊन जा: "मॅडम, हे पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचंय, थेट शिरेतून कधीच नाही, बरोबर ना? थेंब किती ठेवू?" यात तुम्हाला काय कळतं आणि कुठे अडलंय, दोन्ही तिला समजतं.

डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवायची: औषधाचं नाव, डोस, कुठल्या मार्गानं. "हो" ऐकल्यावरच ठेवा. मग लिहा आणि राउंडला डॉक्टरांची सही घ्या. सही मिळाली नाही तर इन्चार्जला सांगा. डॉक्टरांच्या मागं लागायचं काम तिचं आहे आणि ते तिला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.

विचारायची वेळही बघा. राउंड चालू असताना, मोठे साहेब वॉर्डात असताना, ती इंडेंटवर आकडे जुळवत असताना, जीवाचा प्रश्न नसेल तर थांबा. असेल तर कुणाचाही राउंड मोडा.

चूक झालीच तर

आधी पेशंट. चुकीचं औषध गेलं असेल तर ते थांबवा, व्हायटल्स (बीपी, नाडी, श्वास, ताप) बघा, डॉक्टरांना बोलवा. त्यानंतर लगेच इन्चार्ज, आणि तिला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. नातेवाइकाकडून, मामाकडून किंवा दुसऱ्या दिवशी केस पेपरवरून कळलं, तर चूक एक आणि गुन्हे दोन होतात. सांगताना "त्या सिस्टरनी ट्रे तसा लावला होता" पासून सुरुवात करू नका. काय दिलं, किती दिलं, किती वाजता, आत्ता पेशंट कसा आहे. कारणं नंतर.

सुई टोचली तर लपवू नका. जागा साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढत बसू नका. इन्चार्जला सांगून लगेच कॅज्युअल्टी गाठा. एचआयव्हीपासून बचावाचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, जमल्यास दोन तासांत. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. पुढे ते २८ दिवस घ्यायचं असतं. "मॅडम ओरडतील" म्हणून दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी बघितलीय. मॅडम ओरडल्याच, पण उशीर केल्याबद्दल.

ड्युटी लिस्ट आणि रजा

मराठवाड्यात वर्षाचे काही दिवस असे असतात की सगळ्या वॉर्डाला एकदमच घरी जायचं असतं. महालक्ष्म्या, दिवाळी, लातूर-धाराशिवकडे येळवस. येळवसला शेतात भज्जी-आंबील खायला अख्खं गाव जातं आणि वॉर्डात सगळ्यांचा अर्ज पडतो. इन्चार्ज कुणाला तरी नाही म्हणणारच.

रजा लिस्ट लागायच्या आत लेखी मागा, आणि मागताना बदलीला कोण येणार ते ठरवून जा: "मॅडम, बावीस तारखेला मला ऑफ पाहिजे, अमुक सिस्टर येते म्हणालीय, तिची नाईट मी करते." असा अर्ज नाकारायला कारण शोधावं लागतं. लिस्ट लागल्यावर परस्पर अदलाबदल करू नका. ठरवलंत तरी तिच्या सहीशिवाय ती झाली असं धरू नका, कारण कुणी आलंच नाही तर गैरहजेरी तुमच्या नावावर लागते. पहिल्या वर्षात एखादी दिवाळी स्वतःहून करा. पुढच्या वर्षी ती आठवण तुम्हाला करून द्यावी लागत नाही.

एक गोष्ट करू नका. रजेसाठी मामाच्या ओळखीचा नगरसेवक, डॉक्टरसाहेब, आमदाराचा पीए, कुणाचाही फोन लावायचा नाही. रजा मिळेल. पण त्या दिवसापासून इन्चार्ज तुमच्याशी नियमाने वागायला लागते, आणि वॉर्डात नियमाने वागणं ही शिक्षा असते.

एसटी चुकली, पावसात पुलावरून पाणी गेलं, लेकराला ताप आला, हे होणारच. फोन ड्युटीच्या आधी करा, अर्ध्या तासाने नाही. रात्रपाळीहून निघणारी बाई तुमची वाट बघत उभी असते, तिचीही गाडी असते.

बोलणी खाताना

आमच्याकडे बोलायची पद्धतच जरा धारदार. "एवढं बी जमंना का?" हे बरेचदा नुसतं वाक्य असतं, त्यात राग असतोच असं नाही. परभणीच्या पोरीला ते कळतं. पुण्याहून शिकून आलेली बाथरूममध्ये जाऊन रडते.

ऐकताना दोन भाग करा: कामाबद्दल काय म्हणाली आणि माझ्याबद्दल काय म्हणाली. कामाचं तिथल्या तिथे दुरुस्त करा. तुमच्याबद्दलचं तेव्हाच परतवू नका, पण पोटातही ठेवू नका. दुपारी डिस्चार्ज उरकले, वॉर्ड शांत झाला की बाजूला जाऊन सांगा: "मॅडम, सकाळी चूक माझीच होती. पण पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोललात, आता ते माझं ऐकेनात. पुढच्या वेळी साइडला घेऊन रागवा." यात तुमचा अपमान कमी आणि वॉर्डाचं नुकसान जास्त दिसतं, म्हणून तिच्या गळी उतरतं. दहातल्या सात जणी वरमतात. उरलेल्या तिघी "मला शिकवू नको" म्हणतात, पण पुढच्या वेळी आवाज जरा खाली असतो.

ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, वेगळाच त्रास. उचलाउचल, ऑक्सिजन सिलिंडर, दंगा करणारा दारुड्या, सगळं त्यांच्याकडे. लेबर रूम आणि बारीक काम शिकायची संधी मात्र नाही. त्यांनी ती तोंडाने मागावी. मागितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही.

रागावणं कुठे संपतं

काही गोष्टी रागावण्यात बसत नाहीत. जातीवरून, रंगावरून, नवऱ्यावरून, गावावरून सतत बोलणं. न शिकवता एकटीला व्हेंटिलेटरच्या पेशंटवर सोडणं. न दिलेल्या औषधावर सही करायला लावणं. मुद्दाम लागोपाठ रात्रपाळ्या लावणं. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी मुलींना हे जास्त सोसावं लागतं, कारण पुढची ऑर्डर निघायला वॉर्डातला अहवाल लागतो आणि त्या ते विसरू शकत नाहीत.

अशा वेळी आधी तारीख, वेळ, शब्द आणि तिथं कोण होतं, ते घरच्या वहीत लिहा, वॉर्डातल्या नाही. कामाचा प्रश्न असेल तर इन्चार्जला पहिल्यांदा लेखी द्या: "मला व्हेंटिलेटरचं प्रशिक्षण झालेलं नाही, सोबत अनुभवी स्टाफ द्यावा ही विनंती." दोन ओळी पुरतात. झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. काही झालं नाही तर सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. इन्चार्जला वगळून थेट डीनच्या दारात जाऊ नका. तिथून तो कागद फिरून तिच्याच टेबलावर येतो आणि तेव्हा तुमची बाजू मांडायला कुणी नसतं. संघटना असेल तर वर्गणी भरा, बैठकीला जा. अडचण आल्यावरच चेहरा दाखवला की तेही ओळखत नाहीत.

लैंगिक छळ असेल, मग तो डॉक्टरांकडून असो, सहकाऱ्याकडून असो वा वरिष्ठाकडून, तर ही पायरी-पायरी पाळायची गरज नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष महिला आणि निम्म्याहून कमी महिला नकोत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसांच्या नर्सिंग होममध्ये असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. जातिवाचक बोलण्यावर अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

नातेवाइकांनी अंगावर धावून येणं हा वेगळा विषय, पण त्यातही इन्चार्जला पहिला निरोप तुमचाच गेला पाहिजे. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात नर्सवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. तक्रार संस्थेकडून गेली की पोलीस ती लवकर घेतात, एकट्या मुलीला चार वेळा खेटे घालायला लावतात.

इन्चार्ज मॅडम वाचत असतील तर

नवीन मुलगी आल्यावर पहिले पंधरा दिवस तिला एका ठरावीक जुन्या स्टाफसोबत लावा, रोज वेगळीसोबत नको. पाच जणी पाच पद्धती शिकवतात आणि बोलणी मात्र तिला बसतात. एकटीची नाईट पहिल्या महिन्यात देऊ नका. माणसं नाहीत हे मला माहिती आहे; तरीही. आणि तिनं स्वतःहून चूक सांगितली, तर त्या दिवशी ओरडू नका. त्या दिवशी ओरडलात तर पुढची चूक तुम्हाला केस पेपरवरून कळेल.

सहाव्या महिन्यात

एखाद्या निवांत रविवारी दुपारी इन्चार्जला विचारा, "मॅडम, माझं कुठं कमी पडतंय?" उत्तर लांबलचक आलं तर लिहून घ्या. "बरं चाललंय" एवढंच आलं तर खूश होऊन जा, आमच्या पिढीकडून याच्यापुढे शब्द निघत नाहीत. भरवसा बसलाय की नाही ते वेगळ्याच गोष्टीवरून कळतं. एक दिवस ती मीटिंगला जाताना मागे वळून न बघता औषधांच्या कपाटाची चावी तुमच्या हातात टेकवते. तेव्हा लगेच "हो मॅडम" म्हणून सही करू नका. कपाट उघडा, इंजेक्शनं मोजा, रजिस्टरशी आकडा जुळवा, मग वेळ टाकून सही करा. ती दारात थांबून बघत असेल.